डाव्या कानाविषयी, इतक्या वर्षांनी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

एप्रिलमध्ये सोलापूरहून परत आल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते. फोनवर हे बोलणे जमले नसते. बाबा, तुमचे कान यंत्रमागाच्या खडखडाटाने गेले आणि माझाही डावा कान नीट नाही, त्यामुळे आपण दोघे फोनवर ओरडून बोलतो, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

निमित्त ओंकारचे आहे. तो अग्निवीर भरतीची तयारी करतो याचा मलाही आनंद आहे. तुम्ही मला मोठ्या हौसेने त्याच्या अकादमीच्या मैदानावर घेऊन गेलात, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि ऊन असे होते की तुम्ही स्वतः डोक्यावर उपरणे ओढून घेतले होते. वीस-बावीस मुले तापलेल्या मुरमावर कोलांट्या मारत होती. शिकवणारे गृहस्थ प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा हातात घेऊन फिरत होते आणि जो मागे पडेल त्याच्या पोटरीवर तो पाइप बसत होता. एका मुलाने पाण्याच्या जारकडे नुसते पाहिले, तर त्याला पाच फेऱ्या जास्तीच्या मिळाल्या. तुम्ही समाधानाने म्हणालात, "मार खाल्ल्याशिवाय फौजी होत नाही. आमच्या दत्तालासुद्धा असेच रगडून माणूस केले." मी काहीच बोललो नाही. ओंकार माझ्याकडे पाहत होता आणि माझ्या गप्प राहण्याचा त्याने काय अर्थ घेतला असेल, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

बाबा, मला रगडून कोणी माणूस केले नाही. मी माणूस होतो तो तुमच्या आणि आईच्या हाताखाली झालो होतो. रगड्याने माझे काय केले, ते आता सांगतो.

२००० साली मी भरती झालो तेव्हा आईने कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीचा डबा बांधून दिला होता. प्रशिक्षण केंद्रात पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात पेट्यांची तपासणी झाली आणि माझ्या पेटीत तो डबा सापडला. खाण्याची वस्तू बॅरेकमध्ये ठेवायची नाही हा नियम होता आणि तो मी मोडला होता. त्याबद्दल मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या तर माझी तक्रार नव्हती. पण आमच्या उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्यांनी, आधी ती चटणी फरशीवर ओतली, मला ती हाताने गोळा करायला लावली, आणि मी खाली वाकलेलो असताना उघड्या पंजाने कानशिलात मारली. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला आणि तो चार दिवस थांबला नाही. पडद्याला छिद्र पडले होते. एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी सांगितले की आंघोळ करताना पाणी गेले, कारण बॅरेकमधल्या सीनियर मुलांनी हेच सांगायला पढवून ठेवले होते. छिद्र पुढे भरून आले, ऐकू येणे मात्र कमीच राहिले. पहिल्या सुट्टीत बाबा म्हणाले, "माझे कान मागाने नेले, तुझा गोळीबाराने नेला," आणि आळीत ते अभिमानाने सांगितलेही. मी ते तसेच राहू दिले. आई, तू डाव्या बाजूने हाक मारलीस आणि मी वळलो नाही म्हणून किती वेळा रुसली आहेस. कारण एवढेच होते.

माझे निभावले. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे निभावले नाही. फॉलिनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, एक जण उशिरा आला की साऱ्या प्लाटूनला, म्हणजे आमच्या तुकडीला, रगडा मिळत असे, आणि हा मुलगा अंगाने जड असल्यामुळे बहुतेक वेळा तोच मागे पडत असे. उस्तादांना हात लावण्याचीही गरज उरली नव्हती, कारण रात्री घोंगडे टाकून त्याला मारण्याचे काम आम्हीच करत होतो. कंबल परेड म्हणतात तिला. मी मारले नाही, पण घोंगड्याचे एक टोक माझ्या हातात होते, हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. एका दुपारी पाठीवर पिट्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, घालून दोन तास बेडूकउड्या आणि फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, झाल्यावर त्याने मला संडासाजवळ बोलावून दाखवले, की त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आहे. तो एमआय रूमला गेला नाही, कारण तिकडे जाणाऱ्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हटले जात असे. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजले, मग त्याला इस्पितळात हलवले, आणि काही महिन्यांनी मूत्रपिंडाच्या कारणाने तो कायमचा घरी गेला. उन्हात झेपेल त्यापेक्षा फार जास्त श्रम लादले की स्नायूंचे तंतूच फुटतात आणि त्यांतले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकते, हे मला फार नंतर एका लष्करी डॉक्टरांनी समजावून सांगितले. तो रंग दिसताच त्याच दिवशी सलाइन लावले तर बहुतेक रोगी बरे होतात, हेही त्यांनीच सांगितले. त्या मुलाचे ते तीन दिवस भीतीत गेले.

तुम्ही म्हणाल, मग तक्रार का केली नाही. कायदा तर आहे. १९५० च्या सैन्य अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे हाताखालच्या माणसाला मारणाऱ्या किंवा त्याचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्याला, जेसीओला (सुभेदारासारख्या) आणि एनसीओला (हवालदारासारख्या) कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम २६ प्रमाणे कोणताही जवान आपल्यावरच्या अन्यायाची तक्रार कंपनी कमांडरकडे करू शकतो. पण अठरा वर्षांच्या मुलाला कंपनी कमांडरपर्यंत पोहोचण्यासाठी ज्याच्या परवानगीने जावे लागते, तो बहुधा तोच उस्ताद असतो. ओंकारच्या पिढीवर तर आणखी एक ओझे आहे. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम ठेवतात, आणि प्रशिक्षणाचे महिनेही त्या चार वर्षांतच मोजले जातात. पहिल्या दिवसापासून शेऱ्याची धास्ती असलेला मुलगा तोंड उघडेल असे मला वाटत नाही.

आता जे सांगायचे आहे ते सर्वांत अवघड आहे. २०१० मध्ये माझीच नेमणूक उस्ताद म्हणून झाली तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. पहिल्या आठवड्यातच माझ्या तोंडून तीच भाषा बाहेर पडू लागली जी मी ऐकली होती, आणि मला ती शिस्तच वाटत होती. एका दिवशी वरिष्ठांकडून मला सर्वांदेखत बोलणी बसली आणि तो राग मी जेवण आटोपून लंगरमधून, म्हणजे जेवणघरातून, बाहेर पडणाऱ्या मुलांवर काढला. भरल्या पोटी पन्नास फ्रंट रोल. विदर्भातला एक मुलगा विसाव्या रोलला उलटी करून तिथेच बसला. मी काही बोलण्याआधीच त्याने अंगातली बनियन काढली, त्या बनियनने जमीन पुसली, ती घडी करून खिशात ठेवली आणि सावधान उभा राहून म्हणाला, "उस्ताद, माफ करा." त्याच्या हनुवटीवर भाताचे शीत चिकटलेले होते. मला फरशीवरची आईची चटणी आठवली. त्यानंतर मी कधी कोणावर हात उचलला नाही आणि जेवणानंतर कोणाला पळवले नाही, पण त्या मुलाची माफी मी मागितली नाही, कारण उस्तादाने रंगरुटाची माफी मागायची नसते असे मला तेव्हा वाटत होते.

बाबा, प्रशिक्षण कठोर असलेच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. झोप न मिळता, ओझे घेऊन, भीती वाटत असताना सांगितलेले काम करता आले नाही, तर सीमेवर स्वतःचा आणि जोडीदाराचा जीव जातो. मला हे ज्यांनी शिकवले ते दुसरे उस्ताद होते. ते स्वतः पिट्ठू घालून आमच्या पुढे पळत असत, मोजे कोरडे ठेवले नाहीत तर दहा किलोमीटर जादा चालवत असत, आणि संध्याकाळी आमच्या तळपायांचे फोड स्वतः बॅटरी धरून तपासत असत. काश्मीरमध्ये पहाऱ्यावर असताना मला त्यांचेच शब्द उपयोगी पडले. कानशिलात खाल्ल्याचा उपयोग मला वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही झाला नाही.

हा दोष आपल्याकडचाच आहे असेही समजू नका. अमेरिकेत ८ एप्रिल १९५६ च्या रात्री मरीन दलाच्या एका सार्जंटने शिस्त लावण्यासाठी आपली प्लाटून रिबन क्रीक नावाच्या दलदलीच्या खाडीत उतरवली आणि सहा रंगरूट बुडून मेले. त्यानंतर तिथे शिकवणाऱ्यांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवावी लागली. दक्षिण कोरियात तर मे २०२४ मध्ये, रात्री बोलल्याच्या कारणावरून सहा नव्या मुलांना पूर्ण सामान पाठीवर देऊन पळायला आणि जोर काढायला लावले, त्यांतला एक कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. शिक्षा देणाऱ्या कमांडरला तुरुंगवास झाला. ही बातमी वाचली तेव्हा मला शेजारची ती खाट आठवली.

म्हणून तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. पहिली अशी की ओंकारला उद्यापासून दुपारच्या सरावाला पाठवू नका. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे असतील तर ते पहाटे होम मैदानावर होते, मे महिन्याच्या उन्हात पाण्यावाचून होत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात, ती पाइपने लवकर होत नाही. पळताना कोणी मुलगा बरळू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत आडवे करून आधी भरपूर गार पाणी ओतायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे, एवढे त्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. त्या शिकवणाऱ्या गृहस्थांशी मी स्वतः बोलेन. ते वाईट नसतील, त्यांनाही कोणीतरी असेच शिकवले असेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तो भरती होऊन गेला की त्याला "सहन कर, घरी काही सांगू नकोस" असे म्हणू नका. मला ते तुम्ही स्टेशनवर म्हणाला होता आणि मी ते वीस वर्षे पाळले. त्याचा फोन आला की तब्येत कशी आहे एवढे विचारून ठेवू नका. किती तास झोपलास, पाणी मिळते का, लघवीचा रंग कसा आहे, कोणी हात उचलतो का, हे आईने विचारावे, कारण आईला तो खोटे सांगू शकत नाही. आणि त्याने काही सांगितलेच तर ते मला कळवा. अर्ज कोणाच्या नावाने आणि कसा करायचा ते मला माहीत आहे.

हे वाचून बाबांना राग येईल आणि आईला रडू येईल, हे मला ठाऊक आहे. तुमच्यावर माझा कसलाही रोष नाही. तुम्हाला जे माहीत नव्हते ते मीच लपवले होते.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून निघतो, दहाच्या सुमारास पोहोचेन. ओंकारला रविवारी पहाटे पाच वाजता तयार राहायला सांगा, मी त्याच्याबरोबर पळणार आहे. आणि आई, जेवताना माझ्या उजव्या हाताला बस, म्हणजे तू जे विचारशील ते मला नीट ऐकू येईल.

तुमचा,
दत्ता