एका बोटाची गोष्ट अर्धीच सांगितलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बिशप शेरेशेव्स्कींवरचा लेख वाचला. लिथुआनियातल्या ज्यू घरातला पोरका मुलगा, रब्बी होण्यासाठी शिकता शिकता हिब्रू भाषेतला नवा करार हाती येतो, अमेरिकेत जाऊन बाप्तिस्मा घेतो आणि शेवटी शांघायचा बिशप होतो. ही वाट आपल्या लेखकाने आपुलकीने लिहिली आहे. त्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात.

'लकव्याने खुर्चीला खिळलेल्या बिशपांनी एका बोटाने संपूर्ण चिनी बायबल टाइप केले' हे वाक्य मथळ्यात, चौकटीत आणि मजकुरात मिळून तीनदा आले आहे. कोणत्या टाइपरायटरवर, असे लेखकाला विचारावे, हे आपल्याकडे एकालाही सुचू नये?

1880 च्या दशकात चिनी अक्षरांचा टाइपरायटर नव्हता. चिनीला बाराखडी नाही. उच्चार एकच असला तरी अर्थ वेगळा की चिन्ह वेगळे. बायबलएवढ्या ग्रंथाला अशी काही हजार चिन्हे लागतात. शेफील्ड नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने 1890 च्या दशकात असे एक यंत्र जुळवले. त्यात चार हजारांहून जास्त चिन्हे एका मोठ्या गोल चकतीवर बसवलेली होती, आणि तेही बाजारात कधी आले नाही. शेरेशेव्स्कींसमोर अमेरिकेत होता तो साधा इंग्रजी टाइपरायटर. त्यावर त्यांनी चिनी बायबल रोमन लिपीत, म्हणजे नुसत्या उच्चारांत, टंकले. आपल्या लेखात हा 'रोमन' शब्द एकदाही नाही, आणि सगळी मेख त्यातच आहे.

चिनीतला 'शर' हा एक उच्चार घ्या. दहा म्हणजे शर, दगड म्हणजे शर, वेळ म्हणजेही शर. या तिघांचा स्वरसुद्धा, म्हणजे आवाजाचा चढउतार, एकच, चढता. स्वर बदलला की गुरू, जग, काम हेही त्याच उच्चारात येऊन बसतात. लिहिलेली चिन्हे मात्र साफ वेगवेगळी. बोलीभाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, निदान जोडशब्द असतात: दगडाला 'शर-तौ', वेळेला 'शर-हौ'. त्यामुळे रोमन पान वाचून अर्थ बराचसा लागतो. पण ग्रंथभाषा वेन-ली, मग ती 'सुलभ' का असेना, आटोपशीर असते. तिथे बहुतेक शब्द एकेकटे येतात आणि डोळ्यांना चिन्ह दिसले तरच अर्थ कळतो. असा मजकूर रोमनमध्ये उतरवला की वाचणाऱ्याने एकेका शब्दापाशी थांबून नेमके चिन्ह कोणते ते ठरवायचे. दगडाच्या जागी वेळ पडली, तर वाक्य व्याकरणात बसते आणि अर्थाने भलतेच होते. ही चूक नुसते मुद्रित तपासून सापडत नाही. मूळ हिब्रू शेजारी धरावे लागते.

म्हणून 1895 मध्ये ते त्या अवस्थेत शांघायला परतले. आपल्या लेखात याला 'मायभूमीसारख्या चीनची ओढ' म्हटले आहे. ओढ असेलही, पण रोमन पानांचा ढीग चिनी लेखनिकांकडून चिन्हांत उतरवून घेणे, उतरवलेले तपासणे, चुकलेले चिन्ह बदलून पुन्हा लिहून घेणे, हे काम अमेरिकेत बसून होणारे नव्हते. 1897 मध्ये ते तोक्योला गेले तेही छपाई नजरेसमोर व्हावी म्हणून. सुधारलेला मँडरिन जुना करार 1899 मध्ये आला, सुलभ वेन-लीतले संपूर्ण बायबल 1902 मध्ये. त्याच आवृत्तीला लोक 'दोन बोटांचे बायबल' म्हणू लागले. दोन, संपादकसाहेब.

एका-दोन बोटांनी टंकणे म्हणजे काय, तेही लेखात यायला हवे होते. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत खिळा खालून वर आदळायचा आणि अक्षर रुळाच्या पोटाशी उमटायचे. काय टंकले ते पाहायचे तर रूळ असलेला गाडा उचलायचा. ओळ संपली की तोच गाडा हाताने मागे सारायचा. मोठे अक्षर हवे तर एक कळ दाबून धरून दुसरी मारायची, त्याला दोन बोटे लागतातच. धडधाकट टंकलेखकाला या हालचाली जाणवतही नाहीत. लकव्याच्या माणसाला दर ओळीला त्या निस्तराव्या लागतात. अशी सुमारे दोन हजार पाने झाली असे सांगतात. आपल्या लेखकाने याऐवजी 'दैवी चमत्कार' हा शब्द वापरून सुटका करून घेतली.

याहून मोठी चूक पुढे आहे. ज्या कामाने शेरेशेव्स्कींचे नाव झाले ते लकव्याआधीचे, दोन्ही हात चालत असतानाचे आहे. 1862 पासून ते पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, होते. तिथे मँडरिनमधल्या नव्या करारासाठी पाच जणांची समिती होती. त्यात तेही होते. जुना करार मात्र त्यांच्या एकट्याच्या अंगावर आला, कारण हिब्रू त्यांच्याइतके मुरलेले दुसरे कोणी तिथे नव्हते. झितोमिरच्या रब्बी विद्यालयात जे शिकून ते घराबाहेर पडले, ती विद्याच इथे कामाला आली. ज्यू भाष्यकार त्यांना थेट वाचता येत. हे मँडरिन भाषांतर 1870 च्या दशकाच्या मध्यात छापून निघाले आणि 1919 च्या युनियन आवृत्तीपर्यंत, म्हणजे मिशनऱ्यांनी मिळून केलेल्या नव्या भाषांतरापर्यंत, दमाने चालले. चीनमधल्या वूचांगला ऊन लागून लकव्याने ते आडवे झाले ते 1881 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे बोटाची कहाणी सुरू होण्याआधीच जुना करार लोकांच्या हातात होता. आपल्या लेखात पेकिंगच्या तेरा वर्षांना दोन ओळी आणि बोटाला अर्धे पान.

देवाला चिनीत म्हणायचे काय, यावर मिशनऱ्यांची कित्येक दशके भांडणे चालली होती. शांग-ती, शन की थ्येन-चू, या तीन शब्दांतला कोणता? शेरेशेव्स्की थ्येन-चूच्या बाजूचे. तो शब्द कॅथलिकांचा, म्हणून प्रॉटेस्टंट मंडळी बिथरली. हा वाद लेखात औषधालाही नाही. उलट जुन्या ज्यू वस्तीच्या कायफंग या चिनी शहराच्या 1867 च्या प्रवासाला भरपूर जागा आहे, आणि त्यातही तिथल्या ज्यूंचे प्रार्थनामंदिर 'त्यांनी डोळे भरून पाहिले' म्हणे. मंदिर त्याआधीच नाहीसे झाले होते. यांना तर गावातल्या जमावाने हुसकून लावले. डोळे भरून काय पाहिले असेल, ते लेखकच जाणोत.

आता पत्राच्या शेवटी आणखी एक, कारण पुन्हा वेगळे लिहायचा उत्साह नाही. लेखाखालच्या 'आपल्याकडे' या चौकटीत पंडिता रमाबाईंनी 'इंग्रजी बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले' असे छापले आहे. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतराला बसल्या. आयुष्याची शेवटची वर्षे त्यात गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवले आणि तिथल्याच छापखान्यात ते छापले. देवनागरीच्या खिळ्यांची पेटी म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांचे वेगवेगळे खिळे. पोथीएवढा मजकूर जुळवायला किती हात आणि किती नजर लागते, ते जुन्या जुळाऱ्यांना विचारा. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. चिनी भाषेत काय झाले ते तोक्योत जाऊन पाहणे आपल्या लेखकाला जमले नसेल. केडगाव तर दौंडच्या अलीकडे आहे, पुण्याहून गाडी सुटते.

दुरुस्ती छापणार असाल तर शेरेशेव्स्कींचे नाव एकाच पद्धतीने लिहावे ही विनंती. रविवारी ते तीन तऱ्हांनी छापले होते, आणि छायाचित्राखाली चौथ्या.

आपला,
एक वाचक, पुणे