सळई झाकण्याआधी साइटवर जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालक पुण्यात, मुकादम गावात आणि बांधकाम व्हॉट्सॲपवर, ही पद्धत लातूर, धाराशिव, बीडकडे आता सर्रास झाली आहे. अभियंतेही फोटो पाहूनच 'चालू द्या' म्हणतात. पण घराच्या मोठ्या चुका काँक्रीट पडलं की कायमच्या गाडल्या जातात. त्याआधी कोणीतरी जाणत्याने तिथे जाऊन पाहायलाच हवं.

पहिली फेरी खड्डे खोदल्यावर करावी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया पक्क्या मुरमावरच हवा. फोटोत खड्ड्याची खोली दिसते, तळ कसा आहे ते पहार मारल्याशिवाय कळत नाही. पहार रुतली तर आणखी खोदावं. प्रत्येक खड्डा तपासावा, कारण एकाच प्लॉटमध्ये मुरूम एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला बराच खाली लागू शकतो. जोत्यातही खोदलेली काळी माती परत ढकलू देऊ नये; पुढे फरशी उचलते ती त्यामुळेच. थराथराने मुरूम भरून धुमसून घ्यावा.

दुसरी फेरी सळई बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आदल्या दिवशी. त्याच सकाळी गेलात तर मिक्सर आणि मजूर येऊन उभे असतात, मग सळई सोडून पुन्हा बांधायला कोणी राजी होत नाही. या फेरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळलेली हवीत. काटकोनात वळवणं सोपं, म्हणून बार बेंडर तसंच करतात. पण भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळलं की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. बीमच्या वर-खाली कॉलमच्या रिंगा दाट, साधारण १०० मिमीवर हव्यात. सांध्याच्या आत बीमच्या सळया आड येतात, म्हणून तिथल्या रिंगा बऱ्याचदा गाळल्याच जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. तेव्हापासून स्लॅबचं घर म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चाललो आहोत. आतल्या रिंगा चुकल्या असतील तर ते सुरक्षित नाही.

सोबत टेप ठेवावा. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४०, फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५० हवं. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा ठेवतात, तो पायाखाली घसरतो. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. खाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नसल्या तर मजुरांच्या वावराने ती दबते आणि बाल्कनी मुळाशी तडकते.

काँक्रीट पडताना नजर पाण्यावर ठेवावी. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. एप्रिल-मेच्या उन्हात माल लवकर आवळतो, मग वरून बादली ओततात आणि ताकद घटते. त्यापेक्षा काम पहाटे सुरू करावं आणि खडी सावलीत ठेवावी.

शेवटची फेरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भर दुपारी आणि न कळवता. सकाळी सगळेच स्लॅब ओले असतात. अशा उन्हात किमान १० दिवस सतत ओल हवी: स्लॅबवर आळी, कॉलमला ओलं गोणपाट. एवढ्या पाण्याची सोय आधी करावी. टँकरची खात्री नसेल तर स्लॅब पुढे ढकलावा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर काम सुरू होण्याआधी तपासून घ्यावं, त्यातल्या क्लोराइडने सळई गंजते.

निघताना स्लॅब टाकल्याची तारीख सेंट्रिंगवर खडूने लिहावी. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांच्या आत काढू देऊ नयेत. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर आणखी थांबावं.

आपले,
बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते, लातूर