सुध्यास, घेवड्यापायी

वाठार

प्रिय सुध्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच.

लिहायला बसलो कारण तू जिंकलास. कॉलेजच्या प्लॉटवर भर उन्हात भांडलो होतो बघ, उतारा शेंगांवर की दाण्याच्या वजनावर? मी ‘शंभर दाण्यांचं वजन’ म्हणून अडून बसलो आणि तू माझ्या वहीवर चहा सांडलास. मुद्दाम. आजही म्हणतो.

यंदा मळणीआधी वाघ्या घेवड्याची वीस झाडं उपटून वेगवेगळी बांधली. अण्णांच्या आवडत्या टपोऱ्या झाडाला ११ शेंगा, शेंगेत ४ दाणे, शंभर दाणे ४२ ग्रॅमचे. झाडामागे साडेअठरा ग्रॅम. शेजारच्या फाटक्या झाडाला १९ शेंगा, पाच-पाच दाणे, शंभर दाणे अवघे २८ ग्रॅम. पण झाडामागे साडेसव्वीस! बाकीच्यांचीही तऱ्हा तीच. शेंगा वाढल्या की दाणा बारकावतो, तरी काट्यावर शेंगाच जड.

आता झोप उडालीय ती अशी. अण्णा वीस वर्षं सुपातून टपोरा दाणा वेचून बी ठेवतायत. तो डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेन आठवतो? १९०३ साली त्यानं घेवड्याच्याच शुद्ध वाणात थोरले-धाकटे दाणे वेगळे पेरले, तर दोघांची पोरं सारखीच निघाली. तसं असेल तर अण्णांची मेहनत फुकट, नुकसान काही नाही. पण आपलं बी सरमिसळ, त्यात निवड लागू पडते! म्हणजे भरपूर शेंगांची झाडं अण्णांनीच घरातून हुसकली? की ते फाटकं झाड बांधाकडेला होतं, मोकळी जागा मिळाली, म्हणून लगडलं? घेवड्याच्या मुळांना हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी धड येत नाहीत, म्हणून तो खताला लगेच भुलतो. आणि शेणखताचा ढीग तिथंच होता.

प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या ओळीत पेरल्याशिवाय कळायचं नाही. अण्णा म्हणतात, “व्यापारी दाणा बघतो, शेंगा मोजत नाही.” तेही खरंच. २०१६ ला वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही शेंगा मोजून नव्हे.

नवी नोकरी कशी? वहिनींना नमस्कार. पिंट्याला दात आले का?

ते ९५ दाणे राखेत घालून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लपवलेत. जूनमध्ये एक मुक्काम कर, ओळी तूच आख. अण्णा तुझं ऐकतात.

तुझा,
बाळ्या