आईच्या नोट्स आणि मूळ प्रत

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, फाईल चढवली, पट्टी पूर्ण भरली, नावही दिसलं, आणि मुलं म्हणतात तिथे काहीच नाही." तुझा आवाज ऐकून मला रात्रभर चैन पडलं नाही. इतक्या वर्षांच्या व्याकरणाच्या नोट्स आहेत त्या. पहिली गोष्ट आधी सांगते : तुझं काहीही हरवलेलं नाही. फाईल तुझ्या संगणकावर जशीच्या तशी आहे. 'चढवणं' म्हणजे वस्तू इथून उचलून तिथे ठेवणं नव्हे, ती नक्कल पाठवणं आहे. मूळ जागचं हलत नाही.

तुझ्याकडे काय झालं ते मला कळलं. मूडलमध्ये, म्हणजे तुझे कोर्स ज्या यंत्रणेत चालतात तिथे, तू फॉर्ममधल्या चौकटीत फाईल टाकलीस. ती सर्व्हरवर, म्हणजे मूडल ज्या संगणकावर चालतं तिथे, पोचली, पण कच्च्या जागेत, जिथलं फक्त तुलाच दिसतं. खाली 'जतन करा आणि कोर्सकडे परत जा' असं बटण असतं. ते दाबल्यावरच फाईल कोर्सची होते. खिडकी तशीच बंद केली, तर कच्च्या जागेतलं काही दिवसांनी आपोआप साफ होतं. संपादन चालू करून फाईल थेट कोर्सच्या पानावर ओढून सोडलीस, तर मात्र ती लगेच जतन होते. एकाच कामाच्या या दोन वाटा वेगळ्या वागतात, म्हणून गोंधळ होतो. मुलांच्या बाबतीतही हेच आहे. गृहपाठाची फाईल चढवून ती कच्चा मसुदा म्हणून पडून राहिली आणि शेवटचं 'सादर करा' दाबायचं राहिलं, असं होऊ शकतं. तुझ्या कोर्सात ते बटण ठेवलं असेल, तर पहिल्याच तासाला मुलांना सांग. उशिरा कळलं की मुलं रडकुंडीला येतात, इथे मी पाहिलंय.

आता माझं एक सांगते, कारण तुला त्याच खड्ड्यात पडू द्यायचं नाही. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका कोर्सचं साहित्य सांभाळत होते. एका पाठात चुका दिसल्या म्हणून तिथली फाईल उतरवून घेतली आणि डाउनलोड्समध्येच उघडून तीन संध्याकाळी बसून दुरुस्त केली. चढवली, सगळं ठीक. पंधरा दिवसांनी माझ्या नेहमीच्या फोल्डरमधली त्याच नावाची फाईल उघडली, शेवटी एक परिच्छेद वाढवला आणि चढवली. यंत्रणेनं विचारलं, त्याच नावाची आहे, बदलू का? मी 'हो' म्हटलं. तीन संध्याकाळचं काम गेलं. डाउनलोड्स मी त्याच आठवड्यात रिकामं केलं होतं. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळते : मूळ प्रत एका ठिकाणी, आपल्या संगणकावर, एका फोल्डरमध्ये. दुरुस्ती फक्त तिथे. तिथून वर जाते ती नक्कल. वरची नक्कल उतरवून तिच्यावर काम करायचं नाही, मोह झाला तरी.

तू वर्षानुवर्षं मूळ हस्तलिखित कपाटात ठेवून मुलांना झेरॉक्स देत आलीस, तेच हे. एकच फाईल दोन कोर्समध्ये चढवलीस तरी त्या दोन नकला. गंमत अशी की मूडल २.० पासून, म्हणजे २०१० पासून, हुबेहूब सारख्या मजकुराची फाईल सर्व्हरच्या डिस्कवर एकदाच साठवली जाते. पण तुझ्यासाठी त्या दोन वेगळ्याच. एकीत दुरुस्ती केली म्हणून दुसरी सुधारत नाही.

पाठ बदलायचा असेल तेव्हा कोर्सच्या पानावरून तो अख्खा पाठच काढून नवा जोडू नकोस. त्याच पाठाच्या मांडणीत जा, जुनी फाईल काढ, नवी टाक, जतन कर. पाठाचा दुवा तोच राहतो आणि मुलांनी जपून ठेवलेला पत्ता मोडत नाही.

नावांचं थोडं लांबण लावते. तू फाईलला 'प्रकरण २' असं नाव देतेस. यादीत 'प्रकरण १०' त्याच्या आधी जाऊन बसू शकतं, कारण पुष्कळ ठिकाणी संगणक आकडा आकडा म्हणून न वाचता एकेक चिन्ह वाचतो. '०२' आणि '१०' लिहिलंस की रांग सरळ लागते. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं नावात नकोत. विंडोज ती घेतच नाही. मराठी नाव चालतं, मला ते आवडतंही, पण लहान ठेव. युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं, आपलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, साठवताना ३ बाइट घेतं. अनेक लिनक्स सर्व्हरवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे आपली ८५ चिन्हं. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण 'शब्दसिद्धी आणि विभक्तिविचार सुधारित अंतिम' असल्या नावांनी ती भराभर संपतात. वेबपत्त्यात तर 'क' या एकट्या अक्षराची ९ चिन्हं होतात. तुला लांबलचक, अगम्य दुवा दिसला होता ना, तो बिघाड नव्हता. तुझंच मराठी नाव पत्त्याच्या लिपीत लिहिलेलं होतं.

आणि तुझ्या नोट्स उघडल्या की मुलांना दिसणारे ते चौकोन आणि विचित्र इंग्रजी अक्षरं. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तुझ्या जुन्या नोट्स युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फायलीत खरं तर 'ळ' नाहीच. तिथे कुठलंतरी इंग्रजी चिन्ह साठवलेलं आहे, आणि तो फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी 'ळ'चं चित्र काढतो. फॉन्ट तुझ्या संगणकावर आहे म्हणून तुला मराठी दिसतं. तुझ्या विद्यार्थिनीच्या फोनवर तो नाही, म्हणून तिला कचरा दिसतो. फाईल वाटेत बिघडली नाही, ती निघतानाच तशी होती. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला तर दिसेल बरोबर, पण त्यात 'षष्ठी' शोधून सापडणार नाही, मजकूर उचलून वहीत डकवता येणार नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक-सॉफ्टवेअर ते वाचू शकणार नाही. देवनागरी युनिकोडच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून आहे. म्हणून थोडा वेळ काढून मूळ फायलीच युनिकोडमध्ये बदलून घे. बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नकोस. 'सुऱ्या' आणि 'सूर्या'तला र, जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी या जागा डोळ्यांनी तपास. व्याकरणाच्या नोट्समध्येच रफार चुकलेला मला तुझ्या नावावर नकोय. बाबांना वाचायला बसव, त्यांची नजर अजून पक्की आहे.

आकाराचं थोडक्यात. मर्यादा तीन जागी असते : सर्व्हरवर, साइटवर आणि कोर्सवर. यातली जी सगळ्यात लहान, ती चालते. मूडल ज्या पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, त्याची मुळातली मर्यादा एका फाईलला अवघी २ एमबी आहे. ती वाढवणं प्रशासकाच्या हातात असतं, त्यांना विचार. तुझी स्कॅन केलेली पानं रंगीत आहेत, ती करड्या छटेत केलीस की बरीच हलकी होतील. वेळेचा अंदाजही घेऊन ठेव. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाईल मेगाबाइटमध्ये असते, मधे आठपट फरक. चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर १०० एमबीची फाईल जायला जवळजवळ ७ मिनिटं लागतात. तेवढ्यात खिडकी बंद करायची नाही.

सगळे पाठ एकेक करून चढवत बसू नकोस. एका फोल्डरची झिप कर, म्हणजे सगळ्या फायली एकाच फायलीत बांध, आणि ती कोर्सच्या पानावर ओढ. मूडल विचारेल, झिप तशीच ठेवू की उलगडून फोल्डर करू. 'उलगडून' निवड. जुन्या प्रोग्रामनं केलेल्या झिपमध्ये मराठी नावं कधीकधी विस्कटतात, म्हणून आधी दोनच फायलींची झिप करून पाहा.

तू विचारलंस, पेनड्राइव्हसारखं सरळ जोडता येत नाही का? येतं, पण सगळ्या यंत्रणांत नाही. वेबडॅव्ह नावाची पद्धत १९९९ पासून आहे. तिच्यामुळे सर्व्हरवरचं फोल्डर संगणकावर ड्राइव्हसारखं दिसतं. मूडलसारख्याच साकाई या यंत्रणेनं ही सोय बरीच वर्षं दिली. सोय मोठी, पण विंडोज अशा ड्राइव्हवर मुळात फाईल ५० एमबीच्या आसपास गेली की थांबतं. शिवाय तिथली फाईल तिथेच उघडून लिहिता येते, म्हणजे मूळ प्रतीचा माझा नियम नकळत मोडतो. तुझ्यासाठी झिपच बरी. एक सांगायला मला फार आनंद होतोय : दोन संगणकांमध्ये फाईल पाठवण्याचे नियम, ज्यांना एफटीपी म्हणतात, त्यांचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून ते पुढे अमेरिकेतल्या एमआयटीला गेले होते. तू मला पहिली ईमेल पाठवलीस, त्याच्या कितीतरी आधी.

उलट वाट, मुलांचे गृहपाठ उतरवणं. 'सर्व सादर केलेले डाउनलोड करा' म्हटलं की एक झिप येते, आत प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. तपासून शेरे परत चढवायचे असतील तर त्या फोल्डरांची नावं बदलू नकोस. कुठली वही कुणाची, हे यंत्रणा त्या नावावरूनच ओळखते. तुला नावं नीटनेटकी करायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रविवारी तुझा पडदा मला दाखव, आपण पहिला पाठ मिळून चढवू आणि लगेच 'विद्यार्थी' भूमिकेत जाऊन तो मुलांना कसा दिसतो ते पाहू. त्याआधी एवढं करून ठेव : 'मूळ' नावाचं एकच फोल्डर, सगळे पाठ त्यात, आणि त्याची एक नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन बाबांच्या ड्रॉवरमध्ये.

बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी