रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचा फार राग आला होता

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वॉर्डात सगळ्याच तुम्हाला 'सिस्टर' म्हणून हाक मारायच्या, मीही मारली. जानेवारीतली ती रात्र तुमच्या लक्षात असेलच असं नाही, तुमच्याकडे रोज नवी बाळंतीण. ओळख सांगते. खिडकीकडची खाट, दुसरी मुलगी, निफाडहून आलेली आई, आणि तुमच्याशी तोंड वाकडं करून बोलणारी ती मी.

मुलगी रात्री साडेनऊला झाली. त्यानंतरचे दोन तास तुम्ही दर पंधरा मिनिटांनी यायचात. नाडी, बीपी, मग पोट दाबणं. डोळा लागतोय न लागतोय तोच तुमचा गार हात. नाशिकची थंडी, त्यात तुमचा हात! बाळ पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ यायची. कण्हले, तर तुम्ही म्हणालात, "दुखतंय ना? छान." मनात म्हटलं, काय बाई आहे ही.

दीडच्या सुमाराला तुम्ही पांघरूण सारलंत, बेंबीपाशी बोटं टेकवलीत, पॅड पाहिलंत. पॅड तासाभरातच भिजलं होतं. मी कुणाला बोलले नव्हते. दुसरी खेप, एवढं जातंच, असं मीच ठरवून टाकलेलं.

"लघवीला कधी गेलीस?"

गेलेच नव्हते. टाक्यांची भीती होती, आणि खरं सांगायचं तर लागल्याचं कळतच नव्हतं. सकाळी जाईन म्हटलं. "सकाळी नाही, आत्ता." मला धरून नेलंत, नळ सोडलात, टाक्यांवर ओतायला कोमट पाण्याचा मग हातात दिलात आणि दारात पाठ करून उभ्या राहिलात. दहा मिनिटं तरी गेली असतील. तुम्ही एकदाही "झालं का" विचारलं नाहीत. परत आल्यावर पोट चोळलंत, डॉक्टरांना फोन केलात, एक इंजेक्शन दिलंत. मग म्हणालात, "आता कसं चेंडूसारखं घट्ट लागतंय." मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

बेचाळिसाव्या दिवशी तपासणीला आले, तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. वार पडली की गर्भाशयाने आकसायचं असतं. ते आकसतं म्हणून आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मूत्राशय तट्ट भरलेलं असेल तर गर्भाशय वर ढकललं जातं, सैल पडतं आणि रक्त जात राहतं. पाजताना कळा येतात त्या गर्भाशय आकसतंय म्हणूनच. म्हणजे तुमचं ते "छान" खरंच छान होतं! किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत 100 ग्रॅमच्या आत येतं म्हणे. तुम्ही रोज बोटांनी मोजायचात ते हेच, आज किती खाली सरकलं. सीबीएसवरून सिडकोला रिक्षाने येताना सारखं तेच डोक्यात. तुम्ही त्या रात्री मला झोपू दिलं असतंत तर?

आणखी एक, आईचं. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, हा तिचा नियम. तुम्ही तिच्या बाळंतशेपेला, डिंकाच्या लाडवांना नावं ठेवली नाहीत, शेपूच्या भाजीचा वास छान म्हणालात, आणि पाण्याचा तांब्या भरून माझ्या हाताशी ठेवलात. "मावशी, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आई गप्प बसली. ती कुणापुढे गप्प बसत नाही हो, आमच्या निफाडच्या घरी कुणालाही विचारा.

मुलगी झाली म्हणून जिलेबी आणली होती. ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली, तोवर तुमची पाळी संपलेली. बाहेर माझा नवरा "डॉक्टर देवमाणूस" म्हणून सगळ्यांना सांगत होता. आहेतच ते. पण दीड वाजता दारात पाठ करून तुम्ही उभ्या होतात.

हे पत्र आणि हळिवाच्या लाडवांचा डबा काउंटरवर ठेवून जातेय. लाडू आईनेच वळलेत, सोबत निरोप आहे की पाणी भरपूर प्यायला दिलं लेकीला. डबा रिकामा परत करायचा नाही असा आमच्याकडे रिवाज आहे, पण तुम्ही खुशाल रिकामा द्या.

तुमची,
खिडकीकडच्या खाटेवरची