मदत कक्षातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

घोट्याला फ्रॅक्चर, गुडघ्याखाली प्लास्टर, दोन्ही हातांत कुबड्या, बरोबर नवरा आणि दोन मुलं, अशी एक बाई तुमच्या थीम पार्क रिसॉर्टच्या मदत कक्षात आली होती. ती मी. तुमच्यासमोर रोज कितीतरी माणसं येऊन जातात, त्यामुळे माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही मात्र माझ्या चांगल्याच लक्षात आहात. निघताना घाईघाईत म्हटलेलं ‘थँक यू’ फारच तोकडं होतं असं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र.

व्हीलचेअर दिलीत, खोली बदलून दिलीत, त्याबद्दल आभार आहेतच. पण व्हीलचेअर बहुतेक मोठ्या पार्कांत भाड्याने मिळते. मला खरे आभार मानायचे आहेत ते तुमच्या विचारण्याचे. मला काय लागेल हे परस्पर ठरवून टाकण्याआधी तुम्ही मला विचारलंत. आणि प्रश्नही असे नेमके, की उत्तरं देता देता माझं मलाच उमगत गेलं, की हे दिवस कसे निभवायचे.

ज्यांचं रोजचं जगणं व्हीलचेअरवर चालतं, त्यांना खुर्चीची, उताराची, दारांच्या रुंदीची पक्की जाण असते. आपल्याला काय हवं आणि काय नको, हे ते एका वाक्यात सांगू शकतात. नुकताच पाय मोडलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. शरीर अचानक परकं झालेलं असतं, आणि मदत मागायची तर नक्की कशाची मागायची हेच कळत नाही. घरात एक वेळ निभतं, कारण घरातली प्रत्येक भिंत ओळखीची असते. थीम पार्कात सकाळपासून रात्रीपर्यंत आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही गर्दीत. बुकिंग आधीच झालेलं, मुलं कधीपासून वाट बघत होती, आणि ‘पाय जमिनीला टेकवायचा नाही’ या अटीवर डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिलेला. मी निघाले खरी, पण मनात मी एका बाकावर बसून इतरांच्या पिशव्या सांभाळायची तयारी करून आले होते.

तुम्ही विचारलंत, पायावर अजिबात भार द्यायचा नाही, की थोडा चालतो? प्लास्टर पक्कं आहे, की काढता येणारा बूट? गुडघा पूर्ण वाकतो का? खुर्चीतून उठून शेजारच्या सीटवर तुमचं तुम्हाला सरकता येतं का? आधार धरून एखादी पायरी उतरता येईल? शेवटचा प्रश्न ऐकून मी जरा गोंधळले, तेव्हा तुम्ही कारणही सांगितलंत. राइड मध्येच बंद पडली, तर माणसांना कधीकधी रुळांच्या कडेच्या अरुंद वाटेने किंवा जिन्याने खाली आणावं लागतं. त्या वेळी पाहुणा काय करू शकेल, हे राइड चालवणाऱ्याला आधी माहीत असायला हवं. म्हणूनच व्हीलचेअरवरून आलेल्यांची संख्या काही राइडवर एका वेळी मर्यादित ठेवतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. कारण कळल्यावर त्या प्रश्नाचा सल गेला. नाहीतर मी तो चौकशी म्हणून ऐकला असता आणि कसंनुसं ‘हो हो, जमेल’ म्हणून मोकळी झाले असते.

मग मी तुम्हाला ती गोष्ट बोलून दाखवली, जी घरीसुद्धा बोलले नव्हते. काही आठवड्यांनी मी पुन्हा चालायला लागणार. मग ही खुर्ची, ही खास खोली ज्यांना कायम लागते त्यांच्या वाट्याची मी का घेऊ? तुम्ही काम थांबवून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “आज तुमचा पाय जमिनीला टेकत नाही ना? मग आज खुर्ची तुमची.” एवढंच. धीर देणारं भाषण नाही, ‘लवकर बऱ्या व्हाल’ नाही. त्या वाक्यानंतर मी खुर्चीत बसले ती मान वर ठेवून बसले.

कुबड्यांबद्दलही तुम्ही फार शहाणपणाने बोललात. त्या वापरू नका असं तुम्ही म्हणाला नाहीत. त्या खोलीत आणि बाथरूमपुरत्या ठेवा, बाहेर खुर्ची घ्या, असं सुचवलंत. फिजिओथेरपिस्टने मला शिकवलंच होतं, की भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर नाही, कारण काखेतल्या नसांवर दाब पडत राहिला की हात बधिर होतो. पण शिकवलेलं लक्षात राहतं ते हात ताजे असेपर्यंत. दमलेला माणूस नकळत काखेवर रेलतो आणि ओल्या फरशीवर कुबडी सरकते. पार्कात ओली फरशी ठिकठिकाणी असते. तुम्ही रोज ते बघत असणार.

यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. तुम्ही मला बसवायच्या आधी माझ्या नवऱ्याला त्या खुर्चीत बसवलंत आणि त्यांना ढकलत कक्षाच्या बाहेरच्या वाटेवर एक फेरी मारून आणलीत. थोडी जोरात, एकदा अचानक थांबून, एकदा न सांगता वळवून. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. खाली बसलेल्या माणसाला साधा वेगही किती मोठा वाटतो, गर्दीत डोळ्यांसमोर फक्त लोकांच्या कमरा आणि पिशव्या कशा येतात, पाठीमागचा माणूस कधी थांबणार हे न कळणं किती अस्वस्थ करतं, हे त्यांना मी कितीही सांगून कळलं नसतं. मग तुम्ही त्यांना म्हणालात, निघण्याआधी सांगा, थांबण्याआधी सांगा, आणि कुठे जायचं ते खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. मुलांनाही तेच नियम लावलेत. धाकटी तर पुढे प्रत्येक वळणावर “आई, डावीकडे नेऊ?” असं विचारत होती. ती आपल्या आईला विचारल्याशिवाय हलवत नाही, हे बघून मला किती बरं वाटलं, ते शब्दांत नीट येत नाही.

खुर्चीचं तंत्रही तुम्ही न कंटाळता समजावलंत. उठण्या-बसण्याआधी दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे. पाय ठेवायच्या पट्ट्या आधी वर दुमडायच्या, कारण त्यांच्यावर पाय देऊन उठलं की खुर्ची पुढे कलंडते. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे ढकलणाऱ्याची पाठ उताराकडे ठेवून, सावकाश उतरवायची. बारा फूट लांबीला एक फूट चढ हे रॅम्पचं प्रमाण बऱ्याच देशांत धरतात, ते ढकलणाऱ्याला सोसतं. पण पार्कातल्या पुलांचे आणि बागेतल्या वाटांचे उतार याहून उभे असू शकतात. तुम्ही नकाशावर अशा जागा पेनाने खुणा करून दिल्यात. दुखऱ्या पायासाठी उचलता येणारी पट्टी असलेली खुर्ची शोधून काढलीत, कारण पाय सतत लोंबता राहिला की संध्याकाळपर्यंत प्लास्टरच्या आत सूज येऊन ते घट्ट होतं. ही खुर्ची पहिल्या रांगेत नव्हती, तुम्ही आत जाऊन आणलीत.

रांगांबद्दल तुम्ही जे स्पष्ट बोललात, त्यासाठी वेगळे आभार. व्हीलचेअर मिळाली म्हणजे रांग चुकली, असा समज सगळीकडे आहे, आणि आमच्या मोठ्यानेही तसं मोठ्या आशेने विचारलं. तुम्ही त्याला सांगितलंत, की रांगेची वाट रुंद असेल तिथे खुर्चीसकट सगळ्यांबरोबरच थांबायचं. वाटेत पायऱ्या असतील तिथे दुसरं दार, पण रांगेत जेवढा वेळ गेला असता तेवढा वेळ बाहेर काढून यायचं. पुढे वाचनात आलं, की डिस्नीनेही अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत २०२४ मध्ये नियम बदलले, आणि रांगेबाहेर थांबायची त्यांची सवलत आता मुख्यतः स्वमग्नता (ऑटिझम) किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना रांगेत फार वेळ थांबणं शक्य नाही त्यांच्यासाठी आहे. ज्याला फक्त बसून राहण्याची सोय हवी आहे, त्याची गरज खुर्ची भागवते. मला हे न्याय्य वाटतं. खुर्चीत बसून थांबणं मला जमत होतं. ज्या मुलाला गर्दीचा आवाजच सहन होत नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे.

आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तेही सांगायला हवं. मोठ्या रोलर कोस्टरवर मला बसता येणार नाही, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. सुरक्षेचा दांडा आणि पुढची जागा प्लास्टरच्या पायासाठी नाही, आणि झटका बसला तर जोडत आलेलं हाड पुन्हा धोक्यात. पाण्याच्या राइड बंद. साधं प्लास्टर पाण्याने मऊ पडतं. फायबरग्लासचं बाहेरून टिकतं, पण आतला कापूस ओला राहून कातडी खराब होते. हे सगळं राइडच्या तोंडाशी, रांगेत उभं राहून झाल्यावर, मुलांच्या समोर ऐकावं लागलं असतं तर मी रडले असते. तुम्ही ते सकाळीच, बंद दाराआड सांगितलंत, आणि लगेच दुसऱ्या कागदावर जमतील अशा राइड लिहून दिल्यात: कुठे खुर्चीसकट आत जाता येतं, कुठे सीटवर सरकावं लागतं, कुठे सरकता पट्टा चढताना हळू करायला सांगायचं. आई-बाबांनी आळीपाळीने राइडवर जायची सोय असते, एक जण मुलाजवळ थांबतो आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करतो, हेही तुम्हीच सांगितलंत. मुलांचं रोलर कोस्टर त्यांच्या बाबांबरोबर झालं आणि मी बाहेरून हात हलवत होते, नाराज न होता.

खोलीबद्दल थोडक्यात. लिफ्टजवळची, रुंद दाराची, न्हाणीघरात धरायला दांडे आणि बसून अंघोळ करायला बैठक असलेली खोली. दुपारी परत येऊन पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोली पार्काच्या दारापासून जवळ नसती तर ते रोज टळलं असतं. बोटं निळसर दिसली किंवा बधिर वाटली तर रात्रीही फोन करा, असं तुम्ही म्हणाला होतात. वेळ आली नाही. पण झोप शांत लागली, ती त्या वाक्यामुळे.

घरी आल्यावर, पाय वर ठेवून पडल्या पडल्या, मी या विषयावर बरंच वाचत गेले. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीच्या, मॉर्गनच्या नावाने २०१० मध्ये मॉर्गन्स वंडरलँड हे पार्क उघडलं. तिथे व्हीलचेअरसकट झोपाळ्यावर आणि चक्रात बसता येतं, आणि अपंग व्यक्तींना प्रवेश मोफत आहे. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं पार्क झालं, तेव्हा भिजली तरी चालतील अशा, बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या त्यांनी आणल्या. मला हे वाचून तुमची फार आठवण आली. तिथे सगळं पार्कच आधी विचारून बांधलेलं आहे. तुमच्याकडे पार्क आधी बांधून झालेलं होतं, जिने, पूल, अरुंद दारं सगळं जिथल्या तिथे होतं, आणि त्यात माझ्यासाठी वाट काढायचं काम तुम्ही एका टेबलामागे बसून करत होतात. हे काम पार्काच्या जाहिरातीत दिसत नाही. फोटोत राइड दिसतात.

प्लास्टर आता निघालं आहे. पाऊल टाकताना अजून भीती वाटते, सांधा आखडलेला आहे, व्यायाम चालू आहे. पण परवा एका दुकानाच्या पायऱ्यांशी व्हीलचेअरवरचे एक आजोबा थांबलेले दिसले, तेव्हा माझा मोठा मुलगा खुर्चीला हात लावायच्या आधी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाला, “आजोबा, मदत हवी आहे का? कशी करू?” त्यांनी नको म्हटलं, त्यांचा मुलगा गाडी लावून येत होता. हा ‘बरं’ म्हणून बाजूला झाला. हे तुमच्या कक्षात बसून तो शिकला.

तुमचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. तुमच्या व्यवस्थापनाला लिहिलेल्या पत्रात ते आहे, आणि त्याबरोबर तुम्ही मला विचारलेले सगळे प्रश्न, आठवले त्या क्रमाने. ते छापून प्रत्येक मदत कक्षात ठेवावेत, आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना काही दिवस तुमच्या शेजारी बसवावं, अशी विनंती मी केली आहे. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. महिनाभरात आलं नाही, तर पुन्हा लिहीन.

तुमची कृतज्ञ,
प्लास्टरवाली पाहुणी