जुन्या साखरेचा हिशोब

बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, चॉकलेटच्या पेट्या १८ टक्के जीएसटी भरून घेतल्या आणि दर उतरल्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांनी विकायला लागल्या, मधले १३ गेले का म्हणून रडतोयस. गेले नाहीत रे, खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तुझ्या जीएसटी लेजरला पडलंय, रोख हातात येणार नाही पण पुढच्या विक्रीच्या टॅक्समधून वळतं होईल. पैसा अडकला, बुडाला नाही. बुडणं काय असतं ते मला विचार.

२०१७ चा जून. जीएसटी येणार म्हणून बाजारात सगळे गोडाऊन खाली करत होते, भाव जरा नरम होता, आणि मी शहाण्याने २०० क्विंटल एम-३० साखर उचलली. ३० जूनला रात्री लाइट गेलेली, बाहेर पाऊस, मोबाईलच्या टॉर्चवर मी नि हमाल थप्प्या मोजतोय, ४०० पोती, त्यात तळाचं एक ओल लागून दगड झालेलं, तर हमाल विचारतो शेठ हे पण धरायचं का.

तेव्हा साखरेवर क्विंटलमागे एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, ७१ आणि वर शुगर सेस १२४, म्हणजे १९५ रुपये कारखान्यातून निघतानाच भरलेले असायचे. १ जुलैपासून दोन्ही बंद, ५ टक्के जीएसटी चालू. सीए म्हणाले कारखान्याचं बिल आहे ना, ट्रान-१ मध्ये, म्हणजे जुन्या टॅक्सचं क्रेडिट जीएसटीत आणायच्या फॉर्ममध्ये, ७१ चं क्रेडिट घेऊ. म्हटलं आणि १२४? तर क्रेडिट मिळणाऱ्या करांच्या यादीत सेसच नाही! २४,८०० रुपये पाण्यात, आणि शेजारचा दुकानदार बिनसेसचा नवा माल लावून बसलेला, गिऱ्हाईक त्याचाच भाव तोंडावर मारणार.

अजून ४० क्विंटल एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, त्याच्या बिलात एक्साइजचा आकडाच नव्हता. तिथे सीजीएसटीच्या, म्हणजे जीएसटीतल्या केंद्राच्या अर्ध्या वाट्याच्या, ४० टक्केच क्रेडिट; क्विंटलला ३,६०० चा भाव धर, अडीच टक्के झाले ९०, त्यातले ३६, तेही माल विकल्यावर. ७१ च्या जागी ३६.

एक मात्र कुणाला बोलू नकोस. हाच सेस आधी २४ होता, १ फेब्रुवारी २०१६ पासून १२४ झाला, तेव्हा माझ्याकडे जुन्या सेसची दीडशे पोती पडलेली आणि मी ती नव्या भावाने विकली, तेव्हा काही रडलो नव्हतो.

असो, पेट्यांची बिलं फोटो काढून पाठव, दिवाळीआधी बघून टाकतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या